रोडिओच्या मैदानात विकली गेलेली गाणी

काऊबॉयवर गाणी रचणारे अमेरिकेत उदंड झाले. त्यांतील अनेकांचा घोड्याशी संबंध चित्रपटाच्या पडद्यापुरताच होता. क्रिस लेडू (१९४८-२००५) मात्र मुळात रोडिओचा स्पर्धक.

त्याचा प्रकार 'बेअरबॅक'. खोगीर नाही, लगाम नाही. घोड्याच्या पाठीवर आवळलेल्या पट्ट्याची मूठ एका हाताने धरायची, दुसरा हात कशालाही लागू द्यायचा नाही आणि उसळत्या जनावरावर ८ सेकंद टिकायचे. १९७६ साली तो या प्रकारात जगज्जेता झाला.

पण रोडिओचे अर्थकारण निर्दय होते. प्रवेशशुल्क आणि प्रवासखर्च स्पर्धकाच्याच खिशातून जाई. घोड्यावरून पडला, तर हाती काहीच नाही. हा खर्च भागवण्यासाठी लेडूने गाण्यांचा आधार घेतला. रात्रभरचे प्रवास, मोडलेली हाडे, मागे राहिलेले घर हेच त्यांचे विषय. आईवडिलांच्या साह्याने 'अमेरिकन काऊबॉय साँग्स' ही घरगुती कंपनी उभी राहिली आणि मैदानाबाहेर, ट्रकच्या मागल्या फळीवरून कॅसेटी विकल्या जाऊ लागल्या. जाहिरात जवळजवळ नव्हतीच. तरी १९८२ पर्यंत अडीच लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या. दशक संपेतो असे २२ अल्बम झाले. नॅशव्हिलच्या संगीतव्यवसायाला याची फारशी दखल घ्यावीशी वाटली नाही, हे त्या व्यवसायाच्या दृष्टिदोषाविषयी बरेच सांगून जाते.

दार उघडले ते दुसऱ्याच्या गाण्याने. १९८९ साली गार्थ ब्रुक्स या नवख्या गायकाने आपल्या पहिल्याच गाजलेल्या गीतात, थकलेल्या रोडिओपटूच्या तोंडी, लेडूच्या कॅसेटचा नामोल्लेख केला. हा लेडू कोण, असे देशभर विचारले जाऊ लागले. चाळिशी ओलांडलेल्या लेडूशी मोठ्या कंपनीने करार केला आणि १९९२ मध्ये दोघांचे युगुलगीत कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचले. वास्तव्य मात्र वायोमिंगमधल्या केसी या चिमुकल्या गावाजवळच्या रँचवरच राहिले.

२००० साली यकृत निकामी होत आले, तेव्हा ब्रुक्सने स्वतःच्या यकृताचा भाग देऊ केला. तो जुळला नाही; दुसऱ्या दात्याचे यकृत मिळाले. त्यानंतर लेडूने आणखी दोन अल्बम केले. ९ मार्च २००५ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, पित्तनलिकेच्या कर्करोगाने तो गेला. त्याच वर्षी ब्रुक्सने त्याच्या स्मरणार्थ नवे गीत ध्वनिमुद्रित केले.