शेंगांची माळ आणि मागाहून आलेलं आडनाव

लंडनच्या नॅशनल गॅलरीत 'विल्टन डिप्टिक' नावाचं चौदाव्या शतकाच्या अखेरचं जोडचित्र आहे. त्यात इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड गुडघे टेकून बसलाय आणि त्याच्या गळ्यात चक्क शेंगांची माळ आहे. समोरच्या अकरा देवदूतांच्या गळ्यातही तीच. या शेंगा ब्रूमच्या. ब्रूम म्हणजे पिवळ्या फुलांचं, काटक फांद्यांचं रानझुडूप. त्याच्या फांद्या बांधून घर झाडत, म्हणून इंग्रजीत झाडूही 'ब्रूम' झाला. लॅटिनमध्ये ते 'प्लँटा जेनिस्टा'. राजाने आपल्या प्लँटाजेनेट कुळाची खूण मिरवली, असं मी धरून चाललो. जरा खोदलं, तर माळ सासरची निघाली! ब्रूमची शेंग हे फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्सचं चिन्ह, आणि रिचर्डने 1396 मध्ये त्याच्याच सहा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं होतं.

मग कुळाचं नाव? ते मुळात टोपणनाव. आंजूचा सरदार जॉफ्री (1113–1151) याचं. त्याचा मुलगा दुसरा हेन्री 1154 मध्ये गादीवर आला आणि 1485 पर्यंत याच वंशाने राज्य केलं.

जॉफ्रीला हे नाव का पडलं, यावर तीन मतं. पहिलं, तो टोपीत ब्रूमचा तुरा खोवी. हे सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्याच्या थडग्यावरची मीनाकारीची पाटी ल मां गावात आजही आहे, तिच्यावर ढालीवर सिंह, टोपीवरही सिंह, ब्रूमचं पानसुद्धा नाही. दुसरं, पूर्वज फुल्क नेराने जेरुसलेमला प्रायश्चित्त म्हणून ब्रूमच्या फांद्यांचे फटके खाल्ले. कथा झकास आहे, पण फटके खापरपणज्याने खायचे आणि नाव खापरपणतवाला चिकटायचं, हे कसं? तिसरं, शिकारीला आडोसा म्हणून जॉफ्री माळावर ब्रूम लावी. मी या बाजूचा. बाराव्या शतकातला कवी वास हे टोपणनाव देतो आणि लगेच त्याच्या रानावनाच्या वेडाबद्दल सांगतो. शंकेखोर म्हणतील, जुन्या फ्रेंचमध्ये 'जनेस्त'ला 'फोरेस्त'चं यमक जुळतं, म्हणून कवीने रान आणलं. असेल. पण यमक जुळतं म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही.

गंमत पुढेच आहे. जॉफ्रीनंतर तीनशे वर्षं वंशातल्या एकाही राजाने हे आडनाव म्हणून लावलं नाही. दुसरा हेन्री 'सम्राज्ञीचा मुलगा' म्हणून ओळखला जाई, कारण आई माटिल्डा आधी सम्राटाची राणी होती. पुढचे जन्मगावावरून: कार्नार्व्हनचा एडवर्ड, गेंटचा जॉन. आडनाव लावलं ते यॉर्कच्या ड्यूक रिचर्डने, 1448 च्या सुमारास. तेव्हा गादीवर असलेलं लँकेस्टर घराणं तिसऱ्या एडवर्डच्या मुलांपैकी गेंटच्या जॉनचं. यॉर्क आपली रेघ आईकडून जॉनच्या थोरल्या भावापर्यंत, लायनेलपर्यंत नेई. 1460 मध्ये त्याने पार्लमेंटपुढे गादी मागितली ती याच नावाने. थोरली पाती आपली, हे एका शब्दात सांगायला याहून सोयीचं काय?

तीनशे वर्षं निपचित पडलेलं नाव त्याला सुचलं कसं? बखरींमधून, असं जाणकार म्हणतात. माझा तर्क वेगळा. पार्लमेंटच्या शेजारीच वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी, आणि तिथे दुसऱ्या रिचर्डच्या ब्राँझच्या मूर्तीच्या वस्त्रांवर ब्रूमच्या शेंगा कोरलेल्या. बखरीतला शब्द राजाच्या अंगावर दिसला की त्याला वजन येतं. सासरची शेंग अशी माहेरची झाली असावी. कागदोपत्री पुरावा नाही, हे कबूल.

यॉर्कचा धाकटा मुलगा तिसरा रिचर्ड 1485 मध्ये रणात पडला. त्याचा सांगाडा 2012 मध्ये लेस्टरला मोटारतळाखाली सापडला. बहिणीकडून आलेल्या वारसांशी आईकडचा डीएनए जुळला. पण गेंटच्या जॉनच्या वंशातल्या आजच्या पुरुषांशी बापाकडचा जुळला नाही. कुठल्यातरी पिढीत, या शाखेत किंवा त्या, कागदावरचा बाप वेगळाच होता. रक्ताचा दावा सांगायला उचललेलं नाव मात्र दोन्ही शाखांना आजही चिकटलेलं आहे.