बावन्न माणसं आणि आपली बोली

मंडळी, आजचा विषय प्रा. लक्ष्मण देशपांडे. नांदेड-लातूरच्या श्रोत्यांना त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' म्हटलं की पुढचं तुम्हीच सांगाल. तरी आपण त्यांच्याकडे इतिहासाच्या अंगानं बघणार आहोत. एका माणसानं तीन तास हसवलं, त्यात इतिहास कुठला आला? सांगतो.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात. कचेरीची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणही उर्दूतून. मराठी उरली घरात, शेतात, बाजारात आणि कीर्तनात. 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्रात. आलो खरे, पण नाटकातली मराठी होती पुण्या-मुंबईची. आपलं 'काय करायलास?' ऐकलं की समोरचा आधी गालात हसायचा आणि मग उत्तर द्यायचा. पुण्याला शिकायला गेलेल्या आपल्यापैकी किती जणांनी महिन्याभरात 'जायलाव' टाकून 'जातोय' धरलं, जरा आठवून बघा.

एकपात्री प्रयोग मराठीला नवा नव्हता. पु. लं.नी 1961 साली 'बटाट्याची चाळ' एकट्यानं उभी केली होती. पण ती चाळ मुंबईची. 1979 साली लक्ष्मणराव रंगमंचावर आले ते मराठवाड्यातलं अख्खं गाव घेऊन. लिहिलं त्यांनीच, बसवलं त्यांनीच, आणि बावन्न माणसं उभी केली तीही त्यांनी एकट्यानंच. म्हातारी, पोरगं, पुढारी, सगळे. खांद्यावरचं कापड इकडचं तिकडं गेलं की माणूस बदलायचा. नेपथ्य नाही, भपका नाही. आम्हाला यात कीर्तनकार दिसतो. आख्यान रंगात आलं की बुवा एकटेच राजा होतात, राणी होतात, चोरही होतात. ते बघतच आपण वाढलो, म्हणून एका माणसात बावन्न जण बघायला आपल्या प्रेक्षकाला शिकवावं लागलं नाही.

पुढं गिनीज बुकात नोंद झाली. तिचं कौतुक आहेच, पण आमच्या लेखी मोठी गोष्ट वेगळी. या नाटकात आपली बोली गड्याच्या तोंडी दोन वाक्यांपुरती येत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच बोलते. चमत्कारिक वाटतं ते लंडन, गाव नाही. लातूरच्या दयानंद सभागृहात किंवा नांदेडच्या कुसुम सभागृहात बसलेला माणूस हसतो, कारण त्याला आपला मामा दिसतो. तेच पुण्यातला माणूसही हसतो. पण तो कुणाला हसतो? हा प्रश्न अवघड आहे, आणि आम्ही तो सोडून देणार नाही. लक्ष्मणरावांच्या पात्रांत अडाणीपणा आहे, पण बावळटपणा नाही. ती माणसं हट्टी आहेत, मानापानाची आहेत, भांडतात आणि लगेच एकमेकांना सांभाळून घेतात. नंतरच्या कित्येक विनोदी कार्यक्रमांनी मात्र बोलीचा नुसता हेल उचलला. हवालदार मराठवाडी, नोकर मराठवाडी. हेल आला, माणूस आलाच नाही.

लक्ष्मणराव विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते, हे लोक विसरतात. मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं 1958 साली. तोवर इकडच्या पोरानं नाटक शिकायचं म्हटलं तर घरच्या उंबऱ्याजवळ सोय नव्हती. रात्री प्रयोग करणारा माणूस दिवसा वर्गात नाटक शिकवतोय, ही केवढी गोष्ट होती.

आणि जे वर्गात गेले नाहीत त्यांच्यासाठी कॅसेट होती. लग्नघरी, पानाच्या ठेल्यावर, कुठंही लागायची. आमच्या पिढीनं नक्कल करायला त्याच कॅसेटवर शिकून घेतलं. गॅदरिंगला एक तरी पोरगं 'वऱ्हाड' करायचंच, आणि त्याची उच्चारातली चूक समोरची पोरं जागेवरून दुरुस्त करायची.

22 फेब्रुवारी 2009 ला लक्ष्मणराव गेले. वाटलं, आता हे नाटक गेलं. एकट्याचं नाटक एकट्याबरोबरच जातं. पण बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे संदीप पाठक ते करायला उभे राहिले, आणि बावन्न जण पुन्हा निघाले. प्रयोगाला जाल तर मागच्या रांगांकडं कान द्या. नटाच्या आधी वाक्य म्हणणारे दोन-चार जण तिथं हमखास बसलेले असतात, आणि शेजारचा त्यांना गप्प करत नाही.