उद्योगपुरुषांचे ऋण

संतांना, शूरांना आणि विद्वानांना महाराष्ट्राने मनापासून मान दिला. उद्योग करणाऱ्याविषयी मात्र आपल्या मनात एक अढी राहिली. ज्याने पैसा मिळविला त्याने कोणाचे तरी नुकसान केले असावे, असे आपणांस वाटते. ही अढी सर्वस्वी निराधार नाही. परंतु तिच्यामुळे या राज्याच्या संसाराची घडी ज्यांनी बसविली, त्यांचे कार्य नीट पाहावयाचे राहून जाते. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले, तेव्हा त्याच्या पदरी कारखाने होते, कुशल कारागीर होते. ही मिळकत त्याच्या जन्मापूर्वीच कोणी जमविली, हे आज आपण तीन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावात सायकलींच्या धंद्यात उतरले. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र काढले आणि मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने हे नांगर बराच काळ पडून राहिले. त्या शेतकऱ्याला आपण हसू नये. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर अवलंबून, तो नव्या अवजाराला सहज हात कसा घालील? लक्ष्मणरावांना नांगराबरोबर विश्वासही घडवावा लागला. 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोडजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथे अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा दंडक होता; तुरुंगातून सुटून आलेल्यांनाही तेथे रखवालीचे काम मिळाले.

नांगर माळावर घडला. दुसरे साहस समुद्रावरचे आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून 'लॉयल्टी' ही बोट विकत घेतली. 5 एप्रिल 1919 रोजी ती मुंबईहून लंडनकडे निघाली. इंग्रजी कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून सिंदिया कंपनीला जेरीस आणले. अखेर 1923 मध्ये करार करून परदेशी वाहतूक सोडावी लागली आणि किनाऱ्यावरच्या व्यापारावर समाधान मानावे लागले. ही माघार होती, हे आपण लपवू नये. पण कंपनी बुडाली नाही. याच वालचंदांनी पुढे इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे केले, आणि 1941 मध्ये विशाखापट्टणच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. 1964 पासून 5 एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

येथपर्यंत मालक एक आणि राबणारे अनेक, असेच चित्र होते. प्रवरेच्या काठी ते पालटले. ऊस पिकवावयाचा शेतकऱ्याने आणि नफा घ्यावयाचा दुसऱ्याने, ही रीत मोडावयाची असे लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी मनाशी धरले. गावोगाव हिंडून त्यांनी लहान शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ते कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1950-51 मध्ये पहिला गळीत हंगाम पार पडला. पुढे हाच कित्ता राज्यभर गिरविला गेला. त्यांतले कित्येक कारखाने नंतर कर्जात बुडाले, काही खाजगी मालकांच्या हाती गेले. पण तो दोष मूळ कल्पनेच्या माथी मारावयाचा, की तिच्यावर लक्ष न ठेवणाऱ्या सभासदांच्या, याचा विचार आपणच करावयास हवा. कारण ते सभासद म्हणजे आपणच होतो.

मग अशा माणसांचा गौरव कशासाठी करावयाचा? त्यांनी जमविलेल्या धनासाठी नव्हे. ते ज्याचे त्याच्यापाशी राहील. कारखान्याचे दार उघडल्यावर आसपासच्या किती हातांना नवे काम शिकावयास मिळाले, किती घरांत शाळेचे पुस्तक आले, आणि अपयश आले तेव्हा त्याचा भार कोणी उचलला, या मापाने उद्योगपुरुष मोजावा. या मापात नफ्याबरोबर मजुराच्या घामाचीही नोंद होते, म्हणून अढीचे आणि भाटगिरीचे दोन्ही दोष टळतात.

आपल्या गावातही एखादी जुनी गिरणी, एखादा छापखाना, एखादी ओतशाळा असेल. ती कोणी काढली आणि तेथे कोण राबले, हे ठाऊक असलेली माणसे अजून आपल्यांत आहेत तोवर ते लिहून ठेवावे. पुतळा मागाहून उभारता येईल. आठवण मात्र मागाहून मिळत नाही.