दोन धावा कमी: ७ मे १९९१ ची वानखेडे

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहूनही देतोय. थोडा साफसूफ केलाय, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.

आजचा विषय आहे हरण्याचा. म्हणजे आपण, मुंबईने, हरण्याचा.

ठाकूरद्वारच्या नाक्यावर पन्नाशी-साठी ओलांडलेला कुठलाही क्रिकेटवेडा माणूस पकडा आणि फक्त एवढंच म्हणा, "काका, ती हरियाणाची फायनल..." बस. पुढचा अर्धा तास तुमचा गेला. वेंगसरकर कसा खेळला, सचिन कसा खेळला, शेवटी काय झालं, सगळं हातवारे करून सांगतील. आणि प्रत्येक जण त्या दिवशी स्टेडियममध्ये होता! गिरगावातून वानखेडे म्हणजे काय, मरीन लाइन्सवरून चालत गेलं तरी अर्ध्या तासाच्या आत. त्यामुळे बरेच जण खरोखर होतेही. पण जेवढे लोक "मी होतो" म्हणतात तेवढे सगळे खरंच गेले असते, तर त्या दिवशी गिरगावात फक्त कबुतरं उरली असती.

मी या गप्पा लहानपणापासून ऐकत आलोय. आणि ऐकता ऐकता एक गोष्ट खटकायला लागली. सगळे जण शेवटच्या दिवसाबद्दल बोलतात. मॅच पाच दिवसांची होती. पहिल्या चार दिवसांचं काय?

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रणजी करंडक, १९९०-९१ चा हंगाम. फायनल वानखेडेवर, ३ ते ७ मे १९९१. एका बाजूला मुंबई, तेव्हाची 'बॉम्बे'. दुसऱ्या बाजूला हरियाणा. हरियाणा दोन धावांनी जिंकलं. पाच दिवस, चाळीस विकेट, दीड हजारापेक्षा जास्त धावा, आणि फरक दोनचा.

आता मुंबई म्हणजे त्या वेळी काय प्रकरण होतं ते समजून घ्या. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षं रणजी मुंबईकडे. पंधरा! म्हणजे एखादा मुलगा पहिलीत गेला आणि कॉलेजातून बाहेर पडला, तरी त्याने दुसरा विजेता बघितलेला नाही. ही साखळी १९७४ मध्ये बंगळुरूला तुटली, सेमीफायनलमध्ये, कर्नाटकाविरुद्ध. प्रसन्नाने गावसकरला बोल्ड केलं आणि वाडेकर पाय घसरून धावचीत झाला. जुनी मंडळी अजून वाडेकरच्या बुटांना दोष देतात. पण तो वेगळा एपिसोड होईल. त्यानंतरही मुंबई जिंकत राहिली, फक्त दरवर्षी नाही. १९८४-८५ नंतर मात्र दुष्काळ पडला होता. म्हणजे १९९१ ला फायनल घरच्या मैदानावर आली तेव्हा गिरगाव, दादर, शिवाजी पार्क, सगळीकडे एकच भावना होती: चला, आता करंडक परत घरी.

आणि हरियाणा? राज्यच मुळी १९६६ सालचं. त्यांच्याकडे राजिंदर गोयलसारखा डावखुरा स्पिनर वर्षानुवर्षं होता. रणजीत ६३७ विकेट! पण भारताकडून एकही टेस्ट नाही, कारण समोर बेदी होता. एवढा बॉलर असूनही रणजी करंडक कधी मिळाला नव्हता. १९८५-८६ ला ते फायनलपर्यंत आले आणि दिल्लीकडून हरले. थोडक्यात, कपिल देवचं राज्य अशी ओळख होती, आणि कपिल सोडला तर मुंबईच्या प्रेक्षकाला त्या टीममधली दोन-तीन नावंच सांगता आली असती.

कपिल त्या मॅचमध्ये कॅप्टन होता. इथे एक गंमत आहे. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर याच माणसाने १८३ धावांवर आउट झालेली टीम घेऊन वेस्ट इंडिजला १४० मध्ये गुंडाळलं, तेव्हा आपणच रस्त्यावर नाचलो होतो. छोट्याने मोठ्याला लोळवलं म्हणून. आठ वर्षांनी तोच कपिल तसलंच काम करायला वानखेडेवर आला, फक्त या वेळी वेस्ट इंडिज आपण होतो.

तर आता ते विसरलेले चार दिवस.

हरियाणाने पहिल्या डावात ५२२ धावा केल्या. दीपक शर्मा १९९. एकशे नव्याण्णव! द्विशतकाला एक कमी. चेतन शर्मा ९८. अजय जडेजा, तोच आपल्याला नंतर वन-डेमध्ये दिसलेला, ९४. यादी बघा: १९९, ९८, ९४. तिघेही मैलाच्या दगडाला हात लावता लावता राहिले, पण टीमच्या खात्यात ५२२ जमा झाले. मुंबईने उत्तर दिलं, चांगलं दिलं, ४१० केले. पण ११२ धावांची पिछाडी राहिली.

रणजीत मॅच अनिर्णित राहिली तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो जिंकला. हा नियम डोक्यात पक्का ठेवा, कारण सगळी मॅच त्यावर फिरते. आणि हा नियम कुणी कोळून प्यायला होता? मुंबईने! आपल्या 'खडूस' क्रिकेटचा अर्धा पायाच तो. पहिल्या डावात टिच्चून खेळायचं, विकेट फेकायची नाही, पाचशेच्या घरात जायचं आणि मग समोरच्याला सांगायचं, आता करा काय करायचं ते. कितीतरी टीम या पद्धतीने आपण घुसमटवल्या.

हरियाणाने वानखेडेवर येऊन नेमकं तेच केलं. मुंबईचं औषध मुंबईलाच पाजलं. माझ्या मते अपसेट जो काही घडला तो इथे घडला, दीपक शर्मा बॅट खाली ठेवायला तयार नव्हता तेव्हा. पण नाक्यावरच्या गप्पांमध्ये हे येत नाही. दीपक शर्मा हे नाव मी काकामंडळींपैकी दोघा-तिघांना विचारून बघितलं. "कोण रे? चेतन म्हणतोयस का?" असं उत्तर आलं.

दुसऱ्या डावात हरियाणा २४२. झाला हिशेब: ११२ अधिक २४२, म्हणजे ३५४. मुंबईला हव्यात ३५५. आणि हातात फक्त शेवटचा दिवस, तोही मे महिन्यातला. वानखेडेवर मे महिन्याच्या दुपारी नुसतं बसून बघा, घामाने शर्ट पिळून काढावा लागतो.

लगेच तीन विकेट पडल्या, ३४ धावांमध्ये.

कुठल्याही दुसऱ्या मॅचमध्ये इथे शटर खाली आलं असतं. टिकून राहा, ड्रॉ काढा, इज्जत वाचवा. पण ड्रॉ म्हणजे करंडक हरियाणाचा! पिछाडी आधीच खात्यात होती. म्हणजे वाचवायला काही शिल्लकच नव्हतं. १०० वर ऑल आउट झालो काय आणि दिवसभर खेळून काढला काय, निकाल एकच. हे कळलं की त्या दिवशीची बॅटिंग वेगळी दिसायला लागते. लोक सांगतात, "काय डेअरिंग केलं रे!" डेअरिंग होतंच. पण दुसरा रस्ताही नव्हता.

क्रीझवर कोण? दिलीप वेंगसरकर, वय ३५. लॉर्ड्सवर तीन टेस्ट सेंच्युरी ठोकलेला, ८३ च्या टीममध्ये असलेला. त्या वर्ल्ड कपमध्ये मार्शलचा बॉल तोंडावर बसला आणि बिचारा फायनल खेळू शकला नाही. आणि त्याच्या समोर सचिन तेंडुलकर. दोनच आठवड्यांपूर्वी अठरा पूर्ण झालेला. एकाला मतदानाचा हक्क नुकताच मिळालाय आणि दुसऱ्याच्या करिअरची संध्याकाळ झालीय.

सचिनने ७५ बॉलमध्ये ९६ केले. आज आयपीएलच्या जमान्यात तुम्ही म्हणाल, मग काय मोठं? अहो, १९९१ मध्ये, रणजी फायनलच्या पाचव्या दिवशी, ३४ ला ३ असताना! दोघांनी १३४ जोडले. मग सचिन गेला. पुढे विनोद कांबळी आला, १९ वर्षांचा, त्याने ४५ केले. दुसरीकडून वेंगसरकर मारत होता. कर्नल म्हणायचे त्याला. आणि कर्नल त्या दिवशी शांतपणे ड्राइव्ह मारणारा बॅट्समन राहिलाच नव्हता. सिक्स मारत होता.

एका बाजूने विकेट पडत गेल्या. ३०५ ला नववी. अजून ५० हव्यात आणि आला शेवटचा माणूस, अ‍ॅबी कुरुविला. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, काम बॉलिंगचं, बॅट हातात शोभेपुरती. सहा वर्षांनी तो भारताकडून टेस्ट खेळला, पण त्या संध्याकाळी मुंबईला त्याच्याकडून विकेट नको होत्या, फक्त उभं राहायला हवं होतं. आणि तो उभा राहिला. वेंगसरकरच्या पायात गोळे आले होते, धावायला रनर म्हणून लालचंद राजपूत. ५० च्या ४० झाल्या, ३० झाल्या, १० झाल्या.

गप्पांमध्ये या ठिकाणी प्रत्येक काकांचा आवाज खाली येतो. मी तर म्हणतो हा भाग ते मुद्दाम हळू सांगतात, संपू नये म्हणून.

तीन हव्या होत्या. कुरुविला धावचीत. मुंबई ३५२.

वेंगसरकर नाबाद १३९. आणि तो मैदानातच रडला. ११६ टेस्ट खेळलेला माणूस, एका रणजी मॅचसाठी, सगळ्यांसमोर. त्या अश्रूंचा फोटो मनात घेऊनच मुंबईने ती मॅच जपून ठेवली. हरियाणाची पोरं त्याच वेळी दुसऱ्या बाजूला नाचत होती, पण आपल्या गोष्टीत कॅमेरा तिकडे कधी वळतच नाही.

जगात सगळीकडे असं होत नाही. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचं वेड आपल्या क्रिकेटसारखं. तिथे ४ एप्रिल १९८३ ची फायनल अजून चघळतात. ह्यूस्टन युनिव्हर्सिटी, ओलाजुवान आणि ड्रेक्सलर यांची तगडी टीम, विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना स्टेट, जी त्या हंगामात दहा मॅच हरलेली. शेवटच्या क्षणी लांबून मारलेला बॉल बास्केटपर्यंत पोचला नाही, लोरेन्झो चार्ल्सने तो हवेतच पकडला आणि आत टाकला. ५४-५२. तिथेही फरक दोनचाच! त्या मॅचची आठवण म्हणजे जिंकलेल्यांचा कोच जिम वाल्व्हानो मिठी मारायला माणूस शोधत कोर्टभर सैरावैरा धावतोय. तिकडे गोष्ट छोट्याच्या मालकीची झाली.

आपल्याकडे ती मोठ्याकडेच राहिली. का? मला वाटतं, एक तर मॅच मुंबईत झाली, वर्तमानपत्रं मुंबईची, सांगणारे तोंडाने पक्के मुंबईकर. आणि दुसरं म्हणजे हरण्याची सवय नसलेल्याला एक हार फार दिवस पुरते. १९९३-९४ ला शास्त्रीच्या कॅप्टनशिपखाली आपण रणजी जिंकलो. पुढच्याच वर्षी पुन्हा, आणि त्या फायनलमध्ये सचिनने वानखेडेवर पंजाबविरुद्ध दोन्ही डावांत शतकं मारली. त्याबद्दल नाक्यावर कोण बोलतं? कुणी नाही. जिंकणं आपल्याकडे नेहमीचं होतं.

पण यात हरियाणावर अन्याय झाला, हे म्हणायलाच हवं. चेतन शर्मा म्हटलं की आपल्याला शारजा आठवतं, १९८६, शेवटचा बॉल, मियाँदादचा सिक्स. याच चेतनने १९८७ ला आपल्या नागपुरात वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक घेतली आणि वानखेडेवर फायनलमध्ये ९८ केले, ते मागे पडलं. त्याच टीममधला अमरजित केपी. रणजीत सगळ्यात जास्त धावांचा विक्रम कितीतरी वर्षं त्याच्या नावावर होता, तो शेवटी आपल्याच अमोल मुजुमदारने मोडला. केपी आणि मुजुमदार, दोघांनाही भारताची टेस्ट कॅप मिळाली नाही. दीपक शर्मालाही नाही. आणि हरियाणाला रणजी करंडक पहिल्यांदा मिळाला तो याच दिवशी, या दोन धावांमुळे.

तेव्हा तुम्हाला एक काम देतो. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत त्या मॅचला गेलेलं कुणी असेल तर त्यांना शेवटच्या ओव्हरबद्दल विचारू नका, ती तुम्हाला पाठ होईल एवढ्यांदा ऐकायला मिळेल. पहिल्या दिवसाबद्दल विचारा. तीन मे. हरियाणाची बॅटिंग. मैदानात किती लोक होते, दीपक शर्मा कसा खेळायचा, तो १९९ वर आउट झाला तेव्हा वानखेडेवर टाळ्या वाजल्या का? फोन काढा, रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. पुढच्या भागात ऐकवू.