पॅकेज आवृत्ती क्रमांक (लिनक्स)

पॅकेज आवृत्ती क्रमांक हा लिनक्स वितरणातील प्रत्येक पॅकेजला दिला जाणारा क्रमदर्शक होय. दोन पॅकेजांपैकी नवे कोणते, हे पॅकेज व्यवस्थापक या क्रमांकावरून ठरवतो. बांधणीची तारीख तो विचारात घेत नाही. त्यामुळे क्रमांक चुकीचा दिल्यास सुरक्षाविषयक दुरुस्ती तयार असूनही वापरकर्त्याच्या संगणकापर्यंत पोहोचत नाही.

रचना

डेबियन या वितरणात क्रमांकाचे तीन भाग असतात : इपॉक, मूळ आवृत्ती आणि डेबियन पुनरावृत्ती. इपॉकनंतर अपूर्णविराम येतो. तो दिलेला नसल्यास शून्य मानला जातो. मूळ आवृत्ती आज्ञावलीचे कर्ते ठरवतात, तर पुनरावृत्ती पॅकेज बांधणारा ठरवतो. मराठीसाठी वापरल्या जाणाऱ्या लोहित देवनागरी या टंकाच्या ‘२.९५.४-४’ या क्रमांकात २.९५.४ ही टंकाची मूळ आवृत्ती असून शेवटचा ४ हा पॅकेजच्या बांधणीचा क्रम आहे. टंक न बदलता केवळ बांधणी सुधारल्यास हा शेवटचा अंकच वाढतो.

तुलनेचे नियम

क्रमांकाची तुलना डावीकडून उजवीकडे, अंकसमूह व इतर चिन्हे वेगळी काढून केली जाते. हे दशांश अपूर्णांक नसल्याने १.१० ही आवृत्ती १.९ पेक्षा नवी ठरते. ‘~’ हे चिन्ह सर्वांच्या, अगदी रिक्त स्थानाच्याही आधी येते. म्हणून अंतिम आवृत्तीपूर्वीच्या चाचणी आवृत्तीला ‘२.०~आरसी१’ असा क्रमांक देतात. ‘२.०आरसी१’ असे लिहिल्यास ती २.० पेक्षा नवी ठरते आणि अंतिम आवृत्ती आली तरी चाचणी आवृत्तीच संगणकावर राहते.

कर्त्यांनी अद्याप एकही आवृत्ती प्रसिद्ध केली नसेल, तर क्रमांक ‘०~’ने सुरू करून पुढे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख जोडतात. नुसती तारीख दिल्यास पुढे येणारी १.० ही आवृत्ती तिच्यापेक्षा जुनी ठरते.

आवृत्ती मागे घेणे

एकदा वितरित झालेला क्रमांक कमी करता येत नाही, कारण व्यवस्थापक आपणहून जुन्या आवृत्तीकडे वळत नाही. २९ मार्च २०२४ रोजी एक्सझेड युटिल्स या आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर ठेवलेला छुपा मार्ग असल्याचे आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघड केले. डेबियनला जुन्या ५.४.५ आवृत्तीकडे परतायचे होते. परंतु तोच क्रमांक दिला असता, तर ५.६.१ बसवलेल्या संगणकांनी ती स्वीकारली नसती. म्हणून पॅकेजला ‘५.६.१+रियली५.४.५-१’ असा क्रमांक देण्यात आला. तो ५.६.१ पेक्षा मोठा असून आतील खरी आवृत्तीही दर्शवतो.

इपॉक वाढवणे हा दुसरा उपाय आहे. मात्र एकदा वाढवलेला इपॉक पुढे कधीही काढून टाकता येत नाही. त्यामुळे क्रमांक देण्याची मूळ पद्धत बदलल्यास किंवा क्रमांकात चूक झाल्यासच त्याचा अवलंब करतात.