मृदू ऊतकांतील अर्बुदांचे प्रतिमानिदान

स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, चेतातंतू व त्यांना जोडणारे तंतुमय ऊतक यांना एकत्रितपणे मृदू ऊतके म्हणतात. या ऊतकांत उद्भवणाऱ्या गाठींचे म्हणजेच अर्बुदांचे स्वरूप, स्थान व व्याप्ती शरीराच्या अंतर्भागाच्या प्रतिमा घेऊन ठरविणे म्हणजे प्रतिमानिदान होय. अशा बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात; त्यांत चरबीपासून बनणारा लायपोमा विशेष आढळतो. सार्कोमा हा मारक प्रकार मात्र विरळा असून प्रौढांच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे १ टक्का आहे. दोन्ही गाठी प्रारंभी वेदनारहित असू शकतात. त्यामुळे केवळ स्पर्शाने त्यांतील भेद सांगता येत नाही. ५ सें.मी.पेक्षा मोठी, वाढत जाणारी किंवा स्नायूंच्या आवरणाखाली खोलवर असलेली गाठ संशयास्पद मानली जाते.

पद्धती

क्ष-किरण : व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेल्या या किरणांच्या छायाचित्रात मृदू ऊतके एकमेकांपासून फारशी वेगळी दिसत नाहीत. मात्र गाठीतील कॅल्शियमचे साठे व लगतच्या हाडाची झीज त्यात ओळखता येते.

सोनोग्राफी : त्वचेलगतच्या लहान गाठींसाठी ही पहिली तपासणी होय. गाठ द्रवाने भरलेली आहे की घन, हे तीवरून कळते. डॉप्लर तंत्राने गाठीतील रक्तप्रवाह दिसतो.

एमआरआय : हातापायांतील खोल गाठींसाठी ही प्रमुख तपासणी आहे. टी-१ प्रकारच्या प्रतिमेत चरबी तेजस्वी दिसते. चरबीचा संकेत दाबणाऱ्या प्रतिमेत तोच भाग काळवंडतो. रक्तस्राव झालेला भागही टी-१ प्रतिमेत तेजस्वी असू शकतो, पण तो असा काळवंडत नाही. गाठ रक्तवाहिन्या व चेतातंतूंच्या किती निकट आहे, हेही या तपासणीत समजते.

सीटी स्कॅन : पोटाच्या मागील भागातील गाठींसाठी, तसेच सार्कोमा फुप्फुसांत पसरला आहे काय हे पाहण्यासाठी याचा उपयोग होतो.

मर्यादा

श्लेष्मल द्रव्य विपुल असलेली काही मारक अर्बुदे टी-२ प्रकारच्या प्रतिमेत पाण्याच्या गाठीसारखी दिसतात. अशा वेळी शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देऊन पुन्हा प्रतिमा घेतात. घन भाग त्यामुळे उजळतो. पाण्याच्या गाठीची केवळ कडा उजळते. तरीही अनेक गाठींचा प्रकार प्रतिमेवरून निश्चित होत नाही. त्यासाठी बायोप्सी आवश्यक ठरते.

तपासण्यांचा क्रम

संशयास्पद गाठीबाबत प्रथम प्रतिमा, नंतर बायोप्सी व शेवटी शस्त्रक्रिया हा क्रम पाळला जातो. बायोप्सीमुळे होणारा रक्तस्राव व सूज यांनी नंतरची प्रतिमा संदिग्ध होऊ शकते. शिवाय सुईचा मार्ग प्रतिमेच्या आधारे व शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याच्या सल्ल्याने आखावा लागतो. लायपोमा समजून तपासणीविना काढलेली गाठ सार्कोमा निघाल्यास, मागे राहिलेल्या रोगट पेशींसाठी पुन्हा अधिक विस्तृत शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव असतो.