पट थांबवायचा कोणी?

मंडळी, आपल्या झाडीपट्टीत दिवाळी सरली, धान घरात आलं की शंकरपटाचे वेध लागतात. ब्रह्मपुरी-नागभीड असो की वडसा-आरमोरी, दिवसा पट आणि रात्री नाटक हे जुनं गणित. पटाला आलेले पाहुणे नाटकाला थांबायचे. झाडीपट्टीची रंगभूमी याच गर्दीवर पोसली.

पण पटात बैल कोसळतो, धुरकरी फेकला जातो. मग खेळ थांबवावा का? खरं तर हे दोन प्रश्न आहेत. त्या दिवसापुरता थांबवायचा, की कायमचा?

कायमच्या प्रश्नावर न्यायालयात बरीच वर्षं गेली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. बैलाचा छळ केल्यास ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

त्या दिवसाचं काय? इथे क्रिकेटकडे बघा. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला, कवटी फुटली. वॉरेलने रक्त दिलं, आपल्या बोर्डे-नाडकर्णींनीही दिलं. दौरा मात्र चालूच राहिला. काही दिवसांतच २१ वर्षांचा पतौडी कप्तान म्हणून कसोटीला उतरला. नरी पुन्हा कसोटी खेळू शकला नाही. उलट नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीत फिल ह्यूजला चेंडू लागला, तेव्हा सामना तिथेच सोडून दिला गेला. पुढे २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू घेण्याचा नियम आला. क्रिकेट काही बंद पडलं नाही, पण थांबायला शिकलं.

फलंदाज निदान स्वतःच्या मर्जीने मैदानात उतरतो. बैलाला कोण विचारतं? तो ‘आज नको’ म्हणू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने म्हणणारा कोणीतरी हवा. आणि तो बक्षीस लावणारा किंवा जोडीचा मालक नसावा. गर्दी ओरडत असताना त्यांना थांबणं जमत नाही, हा माणसाचा स्वभाव आहे. माझ्या मते लाल झेंडी पशुवैद्यकाच्या हाती द्यावी. त्याने ती दाखवली की त्या दिवसाचा पट संपला.

नाटक काय, रात्री होईलच.

असो. तुमच्या गावी झेंडी कोणाच्या हाती असते, जरूर कळवा.